मुलगा गार्डियन आहे म्हटलं तर म्हणाल्या कोर्टाची ऑर्डर दाखवा

मुलाच्या गाडीच्या टॅक्समाफीपायी राज्याचा कायदा कसा बदलला, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय, प्रकरण दीड-दोन वर्षं चाललं त्यामुळे जरा लांबेल. अमेरिकेतल्या आमच्या राज्याचं नाव घेत नाही, कौंटीचं म्हणजे जिल्ह्याचंही नाही, कारण तिथल्या ऑफिसात खिडकीवर बसलेल्या बाईंची तशी चूक नव्हती.

माझा मुलगा अमेरिकन एअर फोर्समध्ये होता, कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळ श्रीव्हर तळावर. जीपीएसचे उपग्रह तिथून सांभाळतात. २० डिसेंबर २०१९ ला ट्रम्पनी सही केली आणि स्पेस फोर्स नावाचं नवीन दल जन्माला आलं, १९४७ साली एअर फोर्स आर्मीतून वेगळं झालं त्यानंतरचं हे पहिलंच. सप्टेंबर २०२० मध्ये पोराची तिकडे ट्रान्सफर झाली. ट्रान्सफर म्हणजे काय, तर तीच खुर्ची, तोच स्क्रीन, तीच नाइट शिफ्ट, फक्त छातीवरच्या पट्टीवर एअर फोर्सच्या जागी निळ्या दोऱ्यानं स्पेस फोर्स विणलेलं. तळाच्या पाटीवर तर पुढे जुलै २०२१ पर्यंत एअर फोर्स बेसच लिहिलेलं होतं. सासूबाईंनी कोल्हापूरहून फोनवर विचारलं, म्हणजे आता तो नासात का? नाही. मग वर जाणार? अहो आई, असं बोलू नका, खालीच बसून काम करायचंय. मग नाव कशाला बदललं, म्हणाल्या, आणि हाच प्रश्न मी नंतर इतक्या खिडक्यांवर ऐकला ना की शेवटी मला त्यांचंच बरोबर वाटायला लागलं.

तर गाडी. आमच्या राज्याचा रहिवासी सैन्याच्या ड्यूटीवर राज्याबाहेर असेल तर त्याला गाडीचा वर्षाचा टॅक्स माफ आहे. गाडी पोराकडे कोलोरॅडोत, रजिस्ट्रेशन आमच्या पत्त्यावर, त्यामुळे त्याची पॉवर ऑफ अटर्नी घेऊन दरवर्षी मीच जायचे, दहा मिनिटांचं काम. २०२१ ला कोविडमुळे ऑफिस बंद होतं आणि जुन्याच माहितीवर आपोआप रिन्यू झालं. जानेवारी २०२२ मध्ये प्रत्यक्ष खिडकीवर गेले.

बाईंनी विचारलं, ब्रँच कुठली? म्हटलं स्पेस फोर्स. त्यांनी ड्रॉपडाऊन उघडला, वरून खाली गेल्या, खालून वर आल्या, परत खाली. पाच नावं होती, आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, मरीन कॉर्प्स, कोस्ट गार्ड. मला वाटलं मदत करावी, म्हणून मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की तो गार्डियन आहे. म्हणजे एअर फोर्सवाल्यांना एअरमन म्हणतात तसं स्पेस फोर्सवाल्यांना गार्डियन म्हणतात, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालंय ते. बाई म्हणाल्या, कोणाचा गार्डियन? कोर्टाची ऑर्डर आणलीय का?

मला दोन सेकंद कळेचना. मग कळलं, त्यांना वाटलं कोर्टानं नेमलेला पालक, आणि हसू आलं आणि हसल्यामुळे त्यांना वाटलं मी त्यांची टिंगल करतेय. तिथून वातावरण जे बिघडलं ते बिघडलंच.

तरी त्या म्हणाल्या, अहो एअर फोर्स निवडा आणि सोडून द्या, कोण बघतंय. पण फॉर्मच्या तळाशी लिहिलेलं असतं ना की खोटी माहिती दिली तर शिक्षेस पात्र, आणि पोराचं सिक्युरिटी क्लिअरन्स आहे, म्हणजे गुप्त कामासाठीची सरकारी मंजुरी, कागदावर काही चुकीचं सही करायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. तिथूनच फोन लावला तर म्हणाला आई प्लीज, नको. मग सुपरवायझर आले. पोराच्या ड्यूटीच्या ऑर्डरवर वर डिपार्टमेंट ऑफ द एअर फोर्स छापलेलं आणि खाली स्पेस फोर्स, कारण मरीन कॉर्प्स जसं नेव्हीच्या खात्यात येतं तसं स्पेस फोर्स एअर फोर्सच्या खात्यात येतं. ते बघून सुपरवायझर जरा घुटमळले, आत जाऊन फोन केला, बाहेर येऊन स्क्रीनवर कायद्याचं कलम उघडलं आणि बोट ठेवून मला वाचून दाखवलं, पाच नावं, शेवटी पूर्णविराम. तुमचं यात नाहीये मॅडम. टॅक्स भरला आणि घरी आले. घरापर्यंतचा रस्ता जीपीएसनंच दाखवला हे सांगायला नकोच.

वैताग पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आला. पोराच्या मित्राचं, त्याच तळावरचा, आमच्याच राज्यातला, शेजारच्या कौंटीत काम झालं होतं. तिथे कुणीतरी म्हणालं एकच आहे सगळं आणि एअर फोर्सवर टिकमार्क मारला. म्हणजे कायदा खिडकीवर कोण बसलंय त्यावर.

नवरा म्हणाला सोड. मी आमच्या आमदारबाईंना, म्हणजे राज्याच्या हाऊसमधल्या आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना, ईमेल टाकली. इथे एक टीप देते, कुणाला पुढे लागली तर. गाऱ्हाणं लांबलचक लिहू नका, कलम नंबर लिहा. मी पहिल्याच ओळीत कलम नंबर टाकला आणि खाली दोन ओळी. नऊ दिवसांनी त्यांच्या स्टाफमधल्या एका मुलाचा फोन आला, तो इतका कोवळा की मीच त्याला जेवलास का विचारलं. म्हणाला मुद्दा बरोबर आहे, पण या सेशनला नवीन बिल टाकायची तारीख गेली, आता जानेवारी २०२३. मी म्हटलं एका शब्दासाठी वर्षभर? तो म्हणाला टेक्सासात असता तर बघा, तिथे विधिमंडळाचं नेहमीचं अधिवेशन फक्त विषम वर्षांत होतं, जास्तीत जास्त १४० दिवस.

त्या वर्षभरात मी कायदे वाचले. मी वकील नाही हो, शाळेच्या लायब्ररीत काम करते, पण राज्याचे सगळे कायदे ऑनलाइन असतात आणि सर्चची खिडकी असते. नुसतं कोस्ट गार्ड असं शोधलं, कारण सैन्याची यादी जिथे असेल तिथे शेपटाला कोस्ट गार्ड असणारच. पानंच्या पानं आली. सैनिकाचं ड्रायव्हिंग लायसन्स बाहेरगावी एक्स्पायर झालं तर मुदत, बदली झाली तर घराचा भाडेकरार मोडायची मुभा, सरकारी नोकरीत माजी सैनिकांना प्राधान्य, मुलांची कॉलेजची फी, अगदी मासे पकडायचं लायसन्स. प्रत्येक ठिकाणी यादी वेगळी टाईप केलेली. कुठे नेव्ही आधी, कुठे मरीन विसरलेत, आणि त्यांच्या आसपासच्या एका जुन्या कलमात तर नुसतं आर्मी आणि नेव्ही. म्हणजे १९४७ ला एअर फोर्स झालं तेव्हाही तिथे कुणी हात लावला नव्हता, सत्तरेक वर्षं! तसं बघायला गेलं तर अमेरिकेच्या राज्यघटनेतही एअर फोर्स हा शब्द नाहीच, भूदल आणि नौदल एवढंच. आणि स्वतः केंद्रानंसुद्धा आपल्या सैन्याच्या कायद्यात स्पेस फोर्स हा शब्द जागोजागी भरला तो १ जानेवारी २०२१ च्या संरक्षण कायद्यात, म्हणजे दल निघून वर्ष झाल्यावर. मग राज्यांना काय बोलणार.

नोव्हेंबरमध्ये झूमवर मीटिंग झाली, तो मुलगा, मी, आणि विधिमंडळाच्या मसुदा ऑफिसातल्या एक वकीलबाई. या बाई मला फार आवडल्या. त्यांनी सांगितलं की दोन रस्ते आहेत. एक, जिथे जिथे यादी आहे तिथे तिथे स्पेस फोर्स शब्द घालायचा. बिल जाडजूड होतं, एखादं कलम सुटतंच, आणि उद्या सातवं दल निघालं की परत तेच. दुसरा, एकाच ठिकाणी व्याख्या करायची की सशस्त्र दलं म्हणजे केंद्राच्या कायद्यात दिलीत ती, आणि बाकी सगळीकडून याद्या उडवायच्या. मी म्हटलं दुसरंच करा की, यात विचार काय करायचा? तर नाही. केंद्राचा कायदा पुढे बदलेल तसा आपोआप आमचा बदलेल असं लिहिलं, तर काही राज्यांत कोर्टं म्हणतात की तुम्ही तुमचा कायदा करायचा अधिकार वॉशिंग्टनला देऊन टाकलात, चालणार नाही. म्हणून वकील लोक तारीख घालतात, की अमुक तारखेला केंद्राचा कायदा जसा होता तसा. आणि मग गंमत अशी की ती तारीख २०१९ च्या आधीची असेल तर त्या गोठवलेल्या कायद्यात स्पेस फोर्स नाहीच! आमच्याकडे असं एक कलम निघालं. दिसायला एकदम आधुनिक, यादीबिदी काही नाही, आणि पोरगा त्यातही बाहेरच.

शेवटी खिचडी केली. एक व्याख्या, त्यात सहाही नावं, आणि जमतील तेवढ्या कलमांतून जुन्या याद्या काढून तिकडे बोट दाखवायचं. गार्डियन शब्द कुठेही घालायचा नाही यावर मात्र बाई ठाम होत्या, स्पेस फोर्सचा सदस्य असंच लिहायचं, कारण राज्याच्या कायद्यात गार्डियन म्हणजे अल्पवयीन मुलाचा पालक, तो शब्द कुटुंब न्यायालयापासून शाळेच्या ॲडमिशनपर्यंत सगळीकडे पसरलेला. मी त्यांना खिडकीवरचा किस्सा सांगितला तर इतक्या हसल्या की म्यूट करावं लागलं.

माझा भाचा कोल्हापुरात वकिली करतो, त्याला सांगितलं तर म्हणाला आत्या, आपल्याकडे हा घोळच नाही, राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र सूचीत दुसरीच नोंद बघ, नौदल, भूदल, वायुदल आणि संघराज्याची इतर कोणतीही सशस्त्र दलं. ते 'इतर कोणतीही' लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. वकीलबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या सुंदर आहे, पण इथल्या टॅक्स कलमात 'इतर कोणतीही' लिहिलं तर टॅक्सवाले आधी विचारतील म्हणजे नक्की कोण.

फेब्रुवारी २०२३ ला कमिटीपुढे हिअरिंग. मला दोन मिनिटं दिली होती. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हवर टायमर लावून प्रॅक्टिस केली, पहिल्यांदा पाच मिनिटं चाळीस सेकंद झाली, नवऱ्याच्या मते त्यातली तीन मिनिटं सासूबाईंवर होती. सकाळी साडेआठला जाऊन नाव नोंदवलं. आमच्या आधी कच्चं दूध विकायला परवानगी द्यायची का याचं बिल होतं आणि त्याला बोलायला ही गर्दी, शेतकरी, डॉक्टर, बाळं कडेवर घेतलेल्या आया. पाच तास चाललं. बाकीचे जांभया देत होते, पण मी कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेली बाई, मला तर उठून बोलावंसं वाटत होतं.

आमची पाळी आली तेव्हा कमिटीतले निम्मे लोक सँडविच खात होते. टेबलावर तीन दिवे, हिरवा, पिवळा, लाल. माझ्याआधी अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे एक आजोबा बोलले, ते एवढंच म्हणाले की काम तेच आहे, युनिफॉर्मवरचा दोरा बदललाय. मग मी. आवाज थरथरत होता, पण खिडकी, ड्रॉपडाऊन, कोर्टाची ऑर्डर एवढं सांगितलं आणि गार्डियनवर हशा पिकला. एका आमदारांनी विचारलं, राज्याला खर्च किती? खर्चाच्या टिपणीत जवळजवळ शून्य होतं, कारण तेव्हा अख्ख्या देशात वर्दीतले गार्डियन दहा हजारांच्या आत, त्यातले आमच्या राज्याचे असून असून किती असणार. आणखी एकानं परग्रहावरच्या शत्रूचा विनोद केला. पिवळा दिवा लागला तेव्हा माझं बोलून झालेलं होतं, याचा मला अजून अभिमान आहे.

विरोधात एकही मत नाही. मला वाटलं झालं. कुठलं काय! विरोध नसलेलं बिल सगळ्यात मागे राहतं, कारण त्यासाठी कुणी भांडत नाही. हाऊसमधून पास झालं आणि सीनेटच्या यादीत जाऊन बसलं, आठवडेच्या आठवडे. मी दर सोमवारी त्या मुलाला ईमेल करायचे, तो दर सोमवारी लिहायचा स्टिल वेटिंग. सेशनच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी वीसेक बिनविरोध बिलांच्या गठ्ठ्यात आमचंही निघालं. लाइव्ह बघत होते, भाजीला फोडणी दिली आणि वळून बघते तर नंबर येऊन गेला होता. गव्हर्नरची सही झाली, १ जुलै २०२३ पासून लागू.

३ जुलैला खिडकीवर हजर. त्याच बाई. कायद्याची प्रिंट दिली, त्यांनी वाचली, म्हणाल्या काँग्रॅच्युलेशन्स, आणि ड्रॉपडाऊन उघडला. पाच नावं. सॉफ्टवेअरवाले पुढच्या अपडेटमध्ये टाकणार होते म्हणे. तोपर्यंत कागदी फॉर्म भरायचा आणि शाखेसमोर हातानं लिहायचं. लिहिलं, माफी मिळाली. आधी भरलेला टॅक्स परत मिळाला नाही, कायदा मागच्या तारखेपासून लागू नाही. ड्रॉपडाऊनमध्ये नाव आलं ऑक्टोबरमध्ये, कोस्ट गार्डच्याही खाली.

आणि आता नवीनच. डिसेंबर २०२३ च्या संरक्षण कायद्यानं ठरवलं की स्पेस फोर्सला वेगळं रिझर्व्ह म्हणजे राखीव दल नसेलच, एकाच दलात काही जण फुल टाइम, काही पार्ट टाइम. पोराचा तोच मित्र पार्ट टाइमचं बघतोय, बाकीचे दिवस इथे नोकरी करायची. ड्यूटीच्या दिवसांची नोकरीतून रजा देणारं आमच्या राज्याचं कलम मी काल रात्री उघडलं, तर त्यात लिहिलंय रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डचे (राज्यांच्या राखीव सैन्याचे) सदस्य. हा दोन्ही नाही. सकाळी कलम नंबर पहिल्या ओळीत टाकून ईमेल केली. या वेळी उत्तर वीस मिनिटांत आलं, मसुदा नोव्हेंबरपर्यंत, आणि खाली लिहिलंय, जेवलोय.