तुम्ही विचारलंत म्हणून: एडिटिंगआधी रूपांतर केलं की फाइल पाचपट का होते?

"कॅमेऱ्यातून आली तेव्हा तासाला 45 जीबी होती, तुम्ही 220 केलीत. क्वालिटीही वाढत नाही म्हणता. मग डिस्कचे पैसे आम्ही कशाला भरायचे?" नाशकात लग्नाचं चित्रण करून घेणारे सगळेच हे विचारतात.

क्वालिटी वाढत नाही, हे खरंच. 8 बिट, 4:2:0 मध्ये, म्हणजे रंगाची माहिती कमी ठेवून शूट झालेल्या हळदीचा रंग प्रोरेस 422 या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये नेल्याने सुधारत नाही. कॅमेऱ्याच्या एच.264 फॉरमॅटमध्ये एक फ्रेम पूर्ण असते, पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त बदल. मधल्या फ्रेमवर कट मारला की मशीन मागे जाऊन सगळं पुन्हा जुळवत बसतं. प्रोरेसची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, म्हणून फाइल जड पण एडिटिंगची टाइमलाइन हलकी.

त्याहून मोठं कारण म्हणजे रामकुंडावरच्या आरतीची ती फाइल. फोनवरचं सलग 20 मिनिटांचं चित्रण, टाइमलाइन सेकंदाला 30 फ्रेमची. सुरुवातीला घंटा आणि हात बरोबर. शेवटी हात खाली आल्यावर चार सेकंदांनी टोल. मधे एका जागी कापून आवाज अलीकडे ओढला तर ती जागा जुळली, पण पुढच्या दोन मिनिटांत पुन्हा सुटली. पुन्हा कापला, पुन्हा सुटला. चूक एका जागी नव्हतीच. प्रकाश कमी झाला की फोन फ्रेम रेट खाली आणतो. सरासरी 29.9 पडली आणि सॉफ्टवेअरने 30 धरली, तर 1200 सेकंदांचं चित्र 1196 मध्ये संपतं, आवाज मात्र पूर्ण 1200 चालतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल' (बदलता) स्पष्ट लिहिलेला होता. तो बघायला हवा होता, कट मारायच्या आधी. शेवटी मूळ फाइल कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या 30 फ्रेमची करून सगळे कट पहिल्यापासून मारावे लागले.

तेव्हापासून सरसकट सगळं प्रोरेस, असा माझा हट्ट होता. तो चुकीचा होता, हेही कबूल. कॅमेऱ्याच्या फाइलला 1080 ची प्रोरेस प्रॉक्सी, म्हणजे फक्त एडिटिंगपुरती हलकी प्रत पुरते, तासाला साधारण 17 जीबी. शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच. विंडोजवर प्रोरेसऐवजी डीएनएक्सएचआर हा तसाच फॉरमॅट घेता, तर 10 बिट चित्रणाला त्यातला एचक्यूएक्स प्रकार निवडा, कारण एचक्यू 8 बिटच आहे. फोनची फाइल मात्र आधी कॉन्स्टंट करायचीच, तिथे डिस्क वाचवायची नाही.

रंगाचं काम जास्त असेल तेव्हा प्रॉक्सी की पूर्ण रूपांतर? जुन्या मशीनवर मी अजूनही पूर्णच करतो, आणि तुम्ही बिलावर बोट ठेवलंत की दर वेळी पुन्हा विचारात पडतो.