कपाळावरच्या आठ्या

मुख्याध्यापिका असलेल्या त्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्या एका क्लिनिकने तयार केलेला उपचारांचा आराखडा होता. कपाळावरच्या आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची इंजेक्शने, डोळ्यांखालच्या खळग्यांसाठी फिलर, म्हणजे त्वचेखाली भराव देणारे इंजेक्शन, आणि एवढ्याने समाधान झाले नाही तर वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया, असा तो क्रम होता. प्लास्टिक सर्जन म्हणून माझे मत घ्यावे आणि मग निर्णय करावा, असे त्यांनी ठरवले होते. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणे नेमके, आणि मागणीही नेमकी. त्या म्हणाल्या, "शाळेत दिवसातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतं, बाई, बरं नाही का? मला काहीही झालेलं नाही, डॉक्टर. हा प्रश्न थांबावा, एवढंच मला हवं आहे."

चेहऱ्याच्या उपचारांचा विचार करणाऱ्या माणसाला मी लगेच आरसा देत नाही. आधी त्याला बोलू देते, कारण बोलताना चेहरा आपले काम लपवत नाही. या बाई बोलत असताना त्यांच्या भुवया सतत वर ओढलेल्या होत्या, अगदी दुसऱ्याचे ऐकून घेतानाही. आठ्या खोल होत्या हे खरे, पण त्या भावनेबरोबर येत-जात नव्हत्या. त्या कायम राबत होत्या. म्हणून मी त्यांना डोळे मिटायला सांगितले, दोन्ही भुवया अंगठ्यांनी हळूच जागच्या जागी धरल्या आणि मग डोळे उघडायला सांगितले. भुवयांची मदत बंद होताच वरच्या पापण्या बुबुळाच्या मध्यापर्यंत खाली आल्या. कपाळाचा स्नायू इतके दिवस पापण्यांचा भार उचलत होता आणि आठ्या त्या श्रमाच्या खुणा होत्या.

याच कपाळात आराखड्याप्रमाणे बोटॉक्स दिले गेले असते, तर आठ्या नक्कीच गेल्या असत्या. हे औषध स्नायूला सैल करते. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन ते चार महिने टिकतो. तेवढा काळ भुवया खाली बसल्या असत्या आणि डोळे उघडे ठेवण्याचा त्यांचा एकमेव आधार गेला असता. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर नको असेल तर निदान हायल्युरॉनिडेझ हे विकर (एन्झाइम) देऊन विरघळवता तरी येतो, पण बोटॉक्सचा असर उतरवणारे औषध नाही. वाट पाहणे एवढेच हाती उरते.

आता पापण्या का उतरल्या आहेत, हा प्रश्न होता. या वयात त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पातळ पडदा ताणला जाणे किंवा आपल्या जागेवरून सुटणे, आणि त्यावर शस्त्रक्रिया हाच चांगला उपाय आहे. मीही त्याच दिशेने विचार करू लागले होते. परंतु आमच्याकडे रुग्ण येताच समोरून आणि बाजूने छायाचित्रे घेतली जातात, आणि त्या दिवशी आधीची एक तपासणी लांबल्यामुळे बाईंना बराच वेळ थांबावे लागले होते. संगणकावर ती छायाचित्रे उघडली तेव्हा त्यांत उजवी पापणी किंचित खाली आणि डावी जवळजवळ योग्य जागी होती. समोर बसलेल्या बाईंच्या मात्र दोन्ही पापण्या उतरलेल्या होत्या. ताणलेला पडदा काही तासांत असा बदलत नाही.

मी त्यांना छताकडे एकटक पाहायला सांगितले. मिनिटभरही झाला नसेल तोच दोन्ही पापण्या हळूहळू खाली घसरू लागल्या. उजवी पापणी मी बोटाने वर धरली तर डावी आणखी खाली गेली. मग मी प्रश्न विचारले, जे खरे तर त्यांच्या अपेक्षेतल्या भेटीत बसणारे नव्हते. संध्याकाळी वह्या तपासताना एका ओळीच्या दोन ओळी दिसतात का? दिसतात, त्यांनी चष्म्याचा नंबर दोनदा बदलून घेतला होता. दिवस संपताना बोलणे जड होते का? शेवटच्या तासाला आवाज नाकात जातो, पण वर्षानुवर्षे शिकवल्यावर घसा बसायचाच, असे त्या समजत होत्या. गिळताना अडकते का, दम लागतो का? नाही. सकाळी कसे असते? सकाळी सगळे ठीक असते. शेवटी मी मिटलेल्या डोळ्यांवर बर्फाची पिशवी दोन मिनिटे ठेवली. ती काढली तेव्हा उजवी पापणी स्पष्टपणे वर आलेली होती.

हे सर्व मायस्थेनिया ग्रेव्हिसकडे बोट दाखवणारे होते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्नायूंवरच्या त्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) हल्ला करते, ज्यांच्यावर चेतातंतूंकडून येणारा ॲसिटिलकोलीन या रसायनाचा निरोप उतरतो. स्नायू जितका वापरावा तितका थकतो, विश्रांतीने सावरतो, आणि सुरुवात अनेकदा डोळ्यांपासूनच होते. बोटॉक्स चेतातंतू आणि स्नायू यांच्या नेमक्या याच सांध्यावर काम करते : ते ॲसिटिलकोलीन बाहेर पडूच देत नाही. म्हणजे जिथे निरोप आधीच अर्धवट पोहोचत होता, तिथे तो पाठवणेही थांबवायचे, असा तो उपचार ठरला असता. अशा रुग्णात सौंदर्यासाठी दिलेल्या मात्रेनेही गिळण्याचा आणि श्वासाचा त्रास बळावू शकतो. आराखड्यातली शस्त्रक्रियाही निर्धोक नव्हती, कारण पूर्ण भूल देताना वापरल्या जाणाऱ्या काही स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा या रुग्णांवर फार तीव्र परिणाम होतो.

पहिल्या क्लिनिकच्या अर्जात चेता किंवा स्नायूंचा आजार आहे का, हा प्रश्न होता आणि बाईंनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिले होते. ज्याचे निदानच झालेले नाही तो आजार अर्जात कसा येणार? म्हणून मला मनापासून वाटते की या क्षेत्रातली पहिली भेट कोणते उत्पादन किती वापरायचे या हिशेबाने सुरू होऊ नये. बोटॉक्स हालचालीने पडणाऱ्या रेषांसाठी, फिलर हरवलेल्या भरावासाठी, लेसर आणि पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) त्वचेच्या पृष्ठभागासाठी, आणि फेसलिफ्ट गाल-जबड्याच्या आणि मानेच्या सैल पडलेल्या ऊतींसाठी असते. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही, आणि ही रेषा इथे का पडली याचे उत्तर मिळेपर्यंत यांतले काहीच निवडता येत नाही. योगायोग असा की बोटॉक्सचा सुरकुत्यांसाठीचा वापरसुद्धा डोळ्यांच्या रुग्णांकडे नीट पाहण्यातूनच आला. पापण्या आवळल्या जाण्याच्या विकारावर ते देताना कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना भुवयांमधल्या आठ्या मावळताना दिसल्या. त्यांनी आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती ॲलिस्टर यांनी 1992 मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेत या वापराला 2002 मध्ये मान्यता मिळाली.

बाईंना हे सांगणे सोपे नव्हते. "मी सुरकुत्यांसाठी आले होते," एवढेच त्या आधी म्हणाल्या. मग त्यांनी कागद मागितला, आजाराचे नाव लिहून घेतले आणि एकेक प्रश्न विचारला. माझी खात्री तपासण्यांशिवाय पूर्ण नव्हती, हेही मी सांगितले. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास जाणवला तर थेट रुग्णालयात जायचे, आणि कोणताही डॉक्टर नवीन औषध लिहील तेव्हा ही शंका आधी सांगायची, कारण काही प्रतिजैविकांनीही हा आजार बळावतो, हे मी ठळक अक्षरांत लिहून दिले. मेंदूविकारतज्ज्ञांशी त्यांच्यासमोरच फोनवर बोलून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

रक्तातली प्रतिपिंडे सापडली. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमस ग्रंथीची गाठ नव्हती. अशी गाठ काही रुग्णांत असते, म्हणून तो स्कॅन टाळता येत नाही. चेतातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचायला मदत करणाऱ्या पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पुढे स्टेरॉइडही द्यावे लागले. पापण्या वर आल्या, कपाळाला राबण्याचे कारण उरले नाही आणि आठ्या, पूर्ण नाही, पण बऱ्याच उथळ झाल्या.

आजार आटोक्यात आल्यावर त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "आता जे उरलं आहे, त्याचं बोलू." उरले होते ते खरोखर वयाचे होते : वरच्या पापण्यांवरची थोडी जादा त्वचा आणि डोळ्यांखालचे खळगे. बोटॉक्सचा विषय आम्ही कायमचा बंद केला. खळग्यांत फिलर दिल्यास सूज रेंगाळण्याची आणि त्वचेतून निळसर झाक दिसण्याची शक्यता असते, शिवाय चुकून रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टी जाण्याचा दुर्मीळ पण भयंकर धोका असतो; त्यांच्या सौम्य खळग्यांसाठी तो पत्करावा असे मला वाटले नाही. त्वचेची शस्त्रक्रिया जागेवरची भूल देऊन होऊ शकते, मात्र या आजारात डोळा मिटणारा स्नायूही अनेकदा कमजोर असतो, म्हणून त्वचा नेहमीपेक्षा कमी काढावी लागेल, नाहीतर डोळा पूर्ण मिटणार नाही आणि बुबुळ कोरडे पडेल, हे मी त्यांना आरशासमोर मोजून दाखवले. त्यांनी स्टेरॉइडची मात्रा कमी होऊन स्थिर होईपर्यंत थांबायचे ठरवले. तोवर रोज सनस्क्रीन लावायचे आणि त्यानंतर मेंदूविकारतज्ज्ञांच्या लेखी संमतीने तारीख घ्यायची, असे आमचे ठरले आहे.