तुम्ही विचारलंत म्हणून: लेक रात्री झोपते का?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इथे इंदुरात, रामबागेत एका घरी गेले होते. वाण हातात पडायच्या आधीच प्रश्न आला, "झोपू देते का गं रात्री?" आणि पाठोपाठ दुसरा, "मग काय देतेस तिला?" विचारणारीला वाटत असतं की कुठलीतरी एक वाटी आहे, ती संध्याकाळी भरवली की मूल सकाळपर्यंत गपगार. मीही ती वाटी शोधण्यात दोन महिने घालवलेत.

सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण झालं. आठव्या महिन्यात लेक रात्री चार-चारदा उठायला लागली. अकरा, एक, तीन, पाच. सराफ्यातले खाण्याचे ठेले आवरायची वेळ आणि आमच्याकडे गिऱ्हाईक नुकतं जागं. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, निदान तयार होतं: "दूध पुरत नाही तुझं, वरचं वाढव." शेजारच्या भाभी म्हणाल्या, "दाल का पानी पिलाओ, ताकत आएगी." मी दोघींचं ऐकलं आणि वर स्वतःची अक्कल चालवली. दिवसा अंगावर कमी घेतलं की भूक लागेल, भूक लागली की खाईल, खाल्लं की झोपेल.

हिशोब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठेवत होते. तारखेच्या चौकटीत वर दूधवाल्याचं दीड लिटर, खाली पेन्सिलीने लेकीचं: द म्हणजे दूध, ख म्हणजे खाणं, आणि रात्रीच्या खुणा अगदी तळाच्या रेघेला चिकटून. दहा-बारा दिवसांनी नीट बघितलं, तर दिवसा दोनच द आणि तळाशी द द द द. दूध तिने सोडलंच नव्हतं, फक्त रात्रपाळीत घेतलं होतं.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला गेलो, तेव्हा डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "भरवता ते दाखवा." डबा पिशवीतच होता. त्यांनी चमचा भरून तिरका केला, तर सगळं ओघळून परत डब्यात. "ताई, हे पाणी आहे. याने पोट भरतं, भूक नाही भागत."

बाळाचं पोट किलोमागे साधारण 30 मिलिलीटर. आठ किलोच्या आमच्या बाईसाहेबांचं म्हणजे पाव लिटरही नाही. 100 मिलिलीटर आईच्या दुधात 65 ते 70 कॅलरी असतात आणि वरणाच्या वरच्या पाण्यात त्यामानाने नावापुरत्या. मी ते पाणी पाजून दुधाची जागा अडवत होते आणि रात्री ती वसुली करत होती. नऊ ते अकरा महिन्यांत वरच्या खाण्यातून दिवसाला 300 च्या आसपास कॅलरी पुरतात, निम्म्याहून जास्त गरज अजून दूधच भागवतं. हे कळल्यावर आधी मला माझाच राग आला, मग डाळीच्या पाण्याचा.

मग पाणी बंद. गुरगुट्या भात, त्यात घट्ट वरण नि चमचाभर तूप, नाहीतर मुगाची खिचडी चांगली घोटून, चमच्यावर बसेल इतपत. नाचणीचं सत्वही घट्टच. मीठ-साखर नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, यावर आईंचा नि माझा एक दिवस अबोला झाला. बाटलीत बिस्किट कालवून द्या, असंही कुणी सुचवलं होतं. घशात अडकलं म्हणजे?

खरा फरक मात्र दिवसाच्या दुधाने पडला. ती दिवसा प्यायची नाही, कारण बघायला खूप असायचं: पंखा, कुकर, दारावरचा भाजीवाला. दोन घोट की मान वळलीच. म्हणून आतल्या खोलीत पडदा ओढून, फोन बाहेर ठेवून बसायला लागले. उठल्याउठल्या दूध, मग तासाभराने खाणं. रात्रीचं जेवण सातला, ठासून नाही, आणि झोपताना पुन्हा अंगावर. पंधरवड्यात तळाच्या रेघेवर चाराचे दोन झाले.

दोनाचं शून्य झालं का, तर नाही. दात येताना पुन्हा चार झाले होते. उभं राहायला शिकली त्या आठवड्यात तर रात्री दोन वाजता पाळण्याचा कठडा धरून उभी, भूक नाही की रडणं नाही, नुसतं हसणं. त्यावर कुठली खिचडी देणार?

आता अकरावा महिना चालू आहे. चारच्या सुमाराला एकदा उठते, पिते, झोपते. या वयात एखादी फेरी चालायचीच, मी घड्याळ बघणं सोडलंय. पुढची झोप कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरेपर्यंत, आणि तिच्यावर माझ्याकडे इलाज नाही.