‘मी येतो’ म्हणणारी मुलगी

आमची लेक अडीच वर्षांची आहे आणि पोळ्यापर्यंत ती स्वतःबद्दल ‘मी येतो’, ‘मी खातो’ असंच बोलायची. श्टुटगार्टच्या आमच्या घरात मराठी बोलणारा मी एकटाच. तिची आई तिच्याशी तेलुगू बोलते, आम्ही दोघं आपसात इंग्रजी, आणि किटात, म्हणजे पाळणाघरात, दिवसभर जर्मन. ‘मी येते’ तिच्या कानावर पडणार कुठून? मी शिकवायला गेलो, ‘तू म्हण, मी येते.’ ती म्हणाली, ‘तू मी येते.’ मग मी नाद सोडला.

जर्मनीत दोन वर्षांच्या आसपास मुलांची एक ठरलेली तपासणी असते, तीत डॉक्टर बोलण्याचीही चौकशी करतात. ढोबळ अंदाज असा की तोवर पन्नासेक शब्द यावेत आणि दोन शब्द जोडता यावेत. घरात तीन भाषा असल्या तर तिन्हींतले शब्द एकत्र मोजायचे. पोळ्यासाठी नागपूरला घरी गेलो, तर तिथे मात्र ओळीने सल्ला मिळाला, ‘एकच भाषा बोला, पोरगी गोंधळेल.’ हे नागपूरकरांनी सांगावं! १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी मुलखाची, आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी होतं. घरात मराठी आणि फाटकाबाहेर भाजीवाल्याशी, ऑटोवाल्याशी हिंदी, यातच आपण सगळे वाढलो. कोण गोंधळलं?

धरमपेठेतल्या घरी आजी, आत्या, माझी काकू, शिवाय दुपारी डोकावणाऱ्या शेजारणी. बाया काम करताना बोलतच असतात, ‘मी भाजी टाकते’, ‘थांब, मी घेते तुला’. ‘मी येतो’ ऐकून आजी हसली, ‘काऊन वं, पोट्टा होय का तू?’ शिकवलं कुणीच नाही. काही दिवसांत पहिलं ‘मी जाते’ आलं. पण फक्त ‘जाते’. ‘खातो’ आणि ‘झोपतो’ तसेच. सुरुवातीला मुलं नियम उचलत नाहीत, एकेक क्रियापद उचलतात, असं वाचलं होतं. घरात घडताना बघायला फार मजा आली. नंतर ‘-ते’ची गाडी अशी सुटली की मीही तिच्यात सापडलो, ‘बाबा येते!’

तान्ह्या पोळ्याला तिला लाकडी नंदी मिळाला. घरोघरी एकच प्रश्न, ‘नंदी कोनाचा?’ आणि दर वेळी ठसक्यात ‘माझा!’ त्याच दिवशी मारबतीची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूकही असते. काकाच्या खांद्यावरून ती ‘घेऊन जा गे मारबत’ ऐकून आली आणि दोन दिवस नको असलेली प्रत्येक गोष्ट, त्यात दुधाचा पेलाही, मारबतीला देत सुटली.

बाळांच्या भाषेच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली अमेरिकेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. नऊ महिन्यांच्या बाळांशी प्रत्यक्ष माणसं मँडरिनमध्ये, म्हणजे चिनी भाषेत, बोलत खेळली, तेव्हा बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तीच माणसं पडद्यावर दाखवली, तर काहीच शिकली नाहीत. मराठी बडबडगीतांचे व्हिडिओ लावून निश्चिंत होणाऱ्या परदेशस्थ आईबापांनी हे जरूर लक्षात घ्यावं. व्हिडिओ कॉलचं थोडं वेगळं आहे. समोरचं माणूस मुलाला उत्तर देत असेल, तर दोन वर्षांची मुलं त्यातूनही शब्द उचलतात.

म्हणून परतल्यावर व्हिडिओ कॉलवरचा ‘आजीला जय कर, पापा दे’ हा कार्यक्रम बंद केला. आता आजी फोन डब्याला टेकवून स्वयंपाक करते आणि करता करता बोलते. ही विचारते, आजी सांगते, मी मध्ये येत नाही. आत्याचं म्हणणं, या नादात वांगं दोनदा करपलं. ऑक्टोबरअखेर इकडची घड्याळं बदलली की साडेतीनचा फरक साडेचार तासांचा होईल आणि ही किटातून येईस्तोवर आजीची भांडी घासून झालेली असतील. तेव्हा काय करायचं, ते आत्यावर सोपवलंय.