मोइका १२, दुपारचे पावणेतीन

फुलवालीने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, पुश्किनसाठी. तिने काही न बोलता पाचातलं एक फूल काढून ठेवलं आणि चार कार्नेशन कागदात गुंडाळून दिली. रशियात जिवंत माणसाला विषम संख्येत फुलं देतात, गेलेल्याला सम. हे मला वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

तारीख १० फेब्रुवारी, शहर सेंट पीटर्सबर्ग. मोइका नदी गोठली होती. १२ नंबरच्या घराच्या कमानीतून आत गेले, तर अंगणातल्या पुतळ्यापाशी माणसं आधीच जमलेली. शाळेतली मुलं होती, कॉलेजातली होती, हातात भाजीची पिशवी घेतलेल्या आज्या होत्या. रशियन कवी पुश्किनने याच घरात १८३७ साली प्राण सोडला. वय ३७. चोर्नाया रेच्का या छोट्या नदीजवळ दांतेस या फ्रेंच अधिकाऱ्याशी द्वंद्व झालं, पोटात गोळी लागली, पुढे दोन दिवस नुसत्या वेदना. जुन्या रशियन पंचांगाने तो दिवस २९ जानेवारी, वेळ दुपारी पावणेतीन.

पावणेतीन झाले आणि अंगण गप्प झालं. पूर्ण एक मिनिट. लहान मुलंसुद्धा चुळबुळली नाहीत.

मग कविता सुरू झाल्या. सात-आठ वर्षांचा एक मुलगा पुढे आला आणि पुश्किनच्या 'रुस्लान आणि ल्युद्मिला' या काव्याची सुरुवात म्हणू लागला: समुद्राकाठचा हिरवा ओक, त्याला सोन्याची साखळी, तिच्यावरून रात्रंदिवस फिरणारं शहाणं मांजर. पुण्यात रशियन शिकताना मी पहिल्यांदा पाठ केल्या त्या याच ओळी. मध्येच तो अडखळला. त्याच क्षणी माझ्या आजूबाजूच्या तीन-चार जणांनी, एकमेकांकडे न बघता, पुढचा शब्द पुटपुटला. माझ्या अंगावर काटा आला. इथे पुश्किन वाचायच्या आधी ऐकू येतो. आजीच्या तोंडून, अक्षरओळख व्हायच्याही आधी.

घराचं आता संग्रहालय आहे. आतली अभ्यासिका पुस्तकांनी भिंतभर भरलेली आहे, चार हजारांवर पुस्तकं. त्यांच्यासमोरच्या कोचावर पुश्किनने शेवटचा श्वास घेतला. शेवटी शेवटी त्याने मोरोश्का मागितली. उत्तरेकडच्या दलदलीत होणारी ही केशरी, आंबटगोड फळं बायकोने त्याला चमच्याने भरवली. घड्याळ पावणेतीनवर थांबवून ठेवलं आहे. त्या दोन दिवसांत दाराशी एवढी गर्दी लोटली की कवी झुकोव्स्कीला प्रकृतीचं पत्रक लिहून बाहेर लावावं लागे. झारचं सरकार या गर्दीला घाबरलं. अंत्यविधीची जागा बदलली गेली आणि शव रातोरात प्स्कोव प्रांतातल्या मठाकडे रवाना झालं. एका कवीच्या मृतदेहाची सत्तेला एवढी धास्ती! या विचाराने मी त्या खोलीत बराच वेळ रेंगाळले.

निघताना कोट घ्यायला खाली आले, तर कविता म्हणणारा तो मुलगा बाकावर पाय हलवत बसला होता. जाकीट उघडंच. आई हातमोजे शोधत होती. ती वर न बघताच म्हणाली, "आणि चेन कोण लावणार, पुश्किन?"

रशियन घरांत टाळलेल्या कामावर हेच वाक्य ऐकायला मिळतं. मुलाने मुकाट्याने चेन लावली.