मधली शंभर पानं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं की माजी विद्यार्थी आठवणी पाठवतात. बाक, घंटा, छड्या, स्नेहसंमेलन. त्या इतरांनी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या असणार. हस्तलिखितं वाचणं आणि त्यांची डागडुजी करणं हा माझा धंदा, त्यातही कादंबऱ्यांचा. आपल्या प्रशालेत आज जी मुलंमुली वहीच्या मागच्या पानांवर कादंबरी लिहीत असतील (प्रत्येक वर्गात एखादं असतंच), त्यांच्या कामी येईल असं काही लिहून ठेवतो.

कादंबरी पडते ती मध्ये. सुरुवात बहुतेकांना जमते, कारण ती लिहिण्याआधी वर्षानुवर्षं मनात घोळलेली असते. शेवटही ठाऊक असतो. अडीचशे पानांच्या पुस्तकात साधारण पन्नासाव्या पानापासून दीडशेव्या पानापर्यंतचा पट्टा असा असतो की तिथे लेखकाला लिहिताना कंटाळा येतो आणि वाचकाला वाचताना. मग लेखक तिथे घटना ओततो. एक अपघात, एक आजारपण, मुंबईहून आलेला जुना मित्र, गरज पडलीच तर पूर. पट्टा आणखी सैल होतो. दोष घटना कमी पडल्याचा नसतोच. मुख्य पात्र काही ठरवत नाही, त्याच्यावर फक्त गोष्टी कोसळत राहतात, हा खरा दोष. म्हणून रचना बिघडली असं वाटतं तेव्हा मी आधी पात्र तपासतो, आणि पात्र निर्जीव वाटतं तेव्हा रचना.

हे मराठी कादंबरीच्या आरंभीच्या दोन टप्प्यांवर छान दिसतं, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे नायिकेचं नाव यमुनाच आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या समोर येतात. विषय जळजळीत, पण त्या कहाण्यांतल्या दोन-तीन मागेपुढे केल्या तरी पुस्तक फारसं हलत नाही. दुसरी यमुना हरि नारायण आपट्यांची, ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली. ही 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. इथे यमू स्वतःच बोलते. माहेरची पोर, सासुरवाशीण, मग विधवा: बोलणारीचं वय आणि समज वाढत जाते. सुखाचे दिवस आधी आल्याशिवाय नंतरचं वैधव्य तसं लागत नाही. प्रकरणांची अदलाबदल करून बघा, पुस्तक मोडतं. आपल्या लिखाणावर हीच चाचणी करावी. मधली कुठलीही दोन प्रकरणं उलटसुलट लावायची. काहीच बिघडलं नाही तर त्या दोहोंत कार्यकारणाचा धागा नाही, नुसती रांग आहे.

आता एक काल्पनिक कादंबरी घेऊ, म्हणजे हवेत बोलणं नको.

सोलापूरचा पूर्व भाग. अंबादास टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो, बायको घरी विड्या वळते. घरात तेलुगू, शाळेत मराठी. धाकटी सरोजा बारावी झाली, तिला पुण्याला नर्सिंगला जायचंय. थोरलीच्या लग्नात अंबादासने कारखानदाराकडून उचल घेतली, ती फिटेपर्यंत त्याला दुसरा कारखाना धरता येत नाही. एवढ्यावर नवा लेखक खूश होतो, पण ही नुसती परिस्थिती झाली. पहिल्या खर्ड्यात पुढे काय होतं ते मी न वाचता सांगू शकतो. अंबादासचा हात मागात सापडतो, आई खोकू लागते, थोरली माहेरी परत येते आणि सरोजा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी खिडकीशी उभी राहून रडते.

हिला एक स्वभाव द्या. सरोजा हिशोबाला पक्की आहे, आणि कुणाचं देणं अंगावर राहिलेलं तिला सहन होत नाही. शेजारणीची वाटीभर साखरसुद्धा ती संध्याकाळच्या आत परत करते. हा गुण आहे आणि हाच तिचा घात करणार आहे. एकाच खिळ्याला दोन्ही टांगता आलं तर पात्र कसदार होतं. ‘प्रेमळ पण रागीट’ अशी विशेषणांची जोडी लावून काम भागत नाही.

आता उचलीची गोष्ट तिला कळते. स्वभावाप्रमाणे ती काय करेल? प्रवेशाच्या फीसाठी साठवलेले पैसे ती कारखानदाराकडे भरून येते. प्रवेशाची तारीख निघून जाते. उरलेली रक्कम फेडायला ती त्याच कारखान्यात हिशोब लिहायला बसते. तिथे सगळ्या कामगारांच्या उचलींची वही तिच्या हाती येते, आणि गल्लीतले लोक तिच्याकडे मालकाची माणूस म्हणून बघायला लागतात. मग एके दिवशी मालक सांगतो, शेजारच्या माणसाच्या नावावर हा आकडा वाढवून लिही. नाही म्हणावं तर वडिलांचं देणं उभं राहतं. लिहावं तर ती स्वतःच दुसऱ्याच्या डोक्यावर खोटं देणं ठेवणार. मधली शंभर पानं भरली, आणि एकही अपघात लागला नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघाली, आणि प्रत्येक पायरीला तिची एकेक वाट बंद झाली. सरोजा भित्री असती किंवा ‘देऊ सावकाश’ म्हणणारी असती तर पहिलीच पायरी पडली नसती आणि ही कादंबरीच झाली नसती.

उलट बाजूनेही बघा, कारण स्वभावामुळे घटना घडतात एवढं सांगून लोक थांबतात. घटना कुठे येते त्यानेही माणूस बदलतो. वहीतला खोटा आकडा चाळिसाव्या पानावर ठेवला तर सरोजा तिथेच भांडण काढते आणि पुढची दोनशे पानं ती लढणारी मुलगी असते. तोच प्रसंग एकशे तिसाव्या पानावर नेला तर तिथवर तिने महिनोन्‌महिने तीच वही निमूट लिहिलेली असते, मालकाने दिलेला दिवाळीचा डबा घरी नेलेला असतो. आता तिचं नाही म्हणणं तिला स्वतःलाही पुरेसं वाटत नाही. प्रसंग तोच, मुलगी तीच, वाचकासमोर उभी राहणारी बाई वेगळी.

कुणाला काय कधी कळतं, हाही रचनेचाच भाग, आणि नवे लेखक इथे फार उधळे असतात. आकडा फुगवला जाणार हे वाचकाला आधी कळलं, सरोजाला नाही, तर तिची प्रत्येक साधी बेरीज वाचताना धास्ती वाटते. दोघांना एकदमच कळलं तर धक्का बसतो, पण तो एकदाच. सरोजाला ठाऊक आहे आणि तिने वाचकापासून लपवलं, हा तिसरा मार्ग. तो प्रथमपुरुषी निवेदनात पेलायला सर्वांत अवघड, कारण शेवटी वाचक म्हणतो, एवढा वेळ हिच्या डोक्यात बसवलंत आणि नेमकं हेच सांगितलं नाहीत? तिन्ही चालतात. तिन्ही एका पुस्तकात घुसवले की काही उरत नाही.

निवेदक किती असावेत? खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू मांडतात, कारण तिथे एकाच संसाराचे तीन हिशोब आहेत आणि ते जुळत नाहीत. तुमच्याकडे असं न जुळणारं काही असेल तरच दुसरा निवेदक आणा. अंबादासला बोलतं करायचं तर सरोजाला दिसत नाही असं काही त्याने पाहिलेलं हवं; तेच पुन्हा सांगायचं असेल तर त्याला मागावरच राहू द्या. आणि निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी एका दृश्यात एकाच्याच मनात शिरा. आईच्या मनातून मुलीच्या, तिथून मालकाच्या मनात अशा उड्या मारल्या की वाचक कुणाच्याच बाजूने उभा राहत नाही.

थोडं मोजमाप. छापील पानावर सर्वसाधारण आकारात अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे अडीचशे पानांची कादंबरी सत्तर हजार शब्दांच्या आसपास जाते. तीन-तीन हजारांची तेवीस-चोवीस प्रकरणं, प्रत्येकात दोन किंवा तीन दृश्यं, म्हणजे सगळी मिळून पन्नास ते सत्तर. एकेका दृश्याला एकेक कार्ड करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागची बाजू छान चालते. कार्डावर चार ओळी: कुणाला काय हवंय, आड काय येतंय, त्याने काय ठरवलं, आणि त्यानंतर कोणती वाट बंद झाली. सगळी कार्डं जमिनीवर मांडली की तिसरी ओळ कुठे कुठे कोरी आहे ते दिसतं. कोऱ्या ओळींची सलग पाच-सहा कार्डं सापडली की पुस्तक कुठे बसलंय ते कळलं. त्यांतली चार एका परिच्छेदात गुंडाळता येतात.

गुंडाळण्याची लाज वाटू देऊ नका. दृश्य म्हणजे जे डोळ्यांसमोर, बोलण्यासकट घडतं. सारांश म्हणजे ‘पावसाळाभर ती वही लिहीत राहिली’. जिथे निर्णय होतो तिथे दृश्य, जिथे सवय लागते तिथे सारांश. नेमकं उलट होतं: चहा करणं, बसस्टँडवर उतरणं, नमस्कार-चमत्कार यांना तीन पानं, आणि फीचे पैसे मालकाच्या टेबलावर ठेवणं एका वाक्यात. अवघड जागा टाळायची ही पळवाट असते.

जर्मन लेखक फ्रायटागचा तो चढ-शिखर-उताराचा त्रिकोण अनेक जण वहीत काढून ठेवतात. 1863 चं ते पुस्तक नाटकावरचं आहे, पाच अंकी नाटक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं. कादंबरीला असं एकच शिखर लागतंच असं नाही.

पात्र बदललं हे दाखवायचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे तोच प्रसंग दोनदा आणणं. सुरुवातीला आई वळलेल्या विड्या जमा करायला जाते, सरोजा सोबत असते. तपासणारा काही विड्या बाद करून बाजूला टाकतो. हजारामागे मजुरी, तेव्हा बाद झालेली प्रत्येक विडी म्हणजे फुकट गेलेलं पान आणि वेळ. सरोजा पुन्हा मोजायला लावते. दीडशे पानांनंतर कारखान्यात कुणीतरी तिला म्हणतं, ताई, पुन्हा एकदा मोजा की. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ती आहे. ती काय करते ते लिहा आणि पुढे सरका. ‘सरोजा आता पूर्वीची राहिली नव्हती’ हे वाक्य खोडा. ते सापडलं की समजायचं, लेखकाचा आपल्याच दृश्यावर विश्वास नाही.

प्रत्येकाने बदललंच पाहिजे असंही नाही. मालक शेवटपर्यंत तसाच राहिला तर उत्तम. सरोजा कुठवर आली ते मोजायला काहीतरी स्थिर लागतं. कधी बदल माणसात नसून गावात असतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) माणदेशातली. तिच्यात कोवळा मास्तर निवेदक आहे, पण उभी राहते आणि दुष्काळात रिकामी होते ती वाडी. तिथली माणसं सुटी सुटी भेटतात तरी पुस्तक विस्कळीत वाटत नाही, कारण मुख्य पात्र वाडीच आहे. मात्र ‘माझीही कादंबरी गावाची आहे’ हे सैलपणाचं निमित्त करू नये. गावाची म्हणत असाल तर गावाचं पहिल्या पानापासून शेवटापर्यंत काय झालं ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे.

संवादांबद्दल आपल्या सोलापूरकडच्या मुलांना एक सवलत आहे. एका गल्लीत तेलुगू, कन्नड, दख्खनी आणि मराठी कानावर पडत असते, तेव्हा प्रत्येकाचं बोलणं वेगळं करायला काही शोधावं लागत नाही. पण जपून. प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावला की पात्र नकलेचं होतं. एकेका पात्राला दोन-तीन खुणा पुरेत: एखादा शब्द, वाक्य अर्धं सोडायची लकब, ‘काय करायलास’सारखं एखादं रूप. मग एकाच पात्राची सगळी वाक्यं पुस्तकभर ओळीने, मोठ्याने वाचा. कारखान्यात बसल्यावर सरोजाच्या बोलण्यात मालकाचे शब्द शिरले का? शिरले पाहिजेत. आणि घरी भांडताना ती आईशी कुठल्या भाषेत बोलते, ते आधी ठरवा.

कालपत्रक वेगळं करा: महिना, प्रत्येकाचं वय, सण, परीक्षा, पगाराचा दिवस. सोलापूरची गड्ड्याची यात्रा संक्रांतीच्या सुमाराला भरते, म्हणजे थंडी. तरी हस्तलिखितात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत माणसं उन्हाने होरपळतात, आणि दोन प्रकरणांनंतर, तीन आठवडे उलटल्याचं सांगून, बारावीचा निकाल लागतो. आपला वाचक हे लगेच पकडतो, आणि एकदा पकडलं की मोठ्या गोष्टींवरचाही विश्वास काढून घेतो.

शेवट लिहिलात की शेवटची दोन पानं काढून बघा. बहुतेकदा पुस्तक त्याआधीच संपलेलं असतं आणि पुढे लेखक निरोपाचं भाषण करत असतो. त्यानंतर पहिलं प्रकरण पुन्हा, कोऱ्या कागदावर लिहायचं, जुन्याकडे न बघता. सरोजाने मालकाला काय उत्तर दिलं हे आता ठाऊक असतं, म्हणून साखरेची ती वाटी पहिल्या पाच पानांत यायलाच हवी, आणि थोरलीच्या लग्नाचं आठ पानी वर्णन जाऊ शकतं, एवढं तुमचं तुम्हालाच दिसेल. त्या लग्नातली उचल तेवढी ठेवा.