काकांना रेक दिसत नव्हते, दिल्लीला दिसत होते

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये गिअर कार्बुरायझिंगला, म्हणजे भट्टीत तापवून वरचा थर कठीण करायला येतात. चार्ज, म्हणजे भट्टीत एका वेळी टाकलेला माल, ९३० डिग्रीला गेला की पुढे काही तास वीज हलता कामा नये. मध्येच गेली तर केस डेप्थ (कठीण थराची जाडी) बिघडते आणि पार्टी अख्खा लॉट परत पाठवते.

११ ऑक्टोबर २०२१, सोमवार. दसरा शुक्रवारवर आलेला, माल त्याआधी काढायचा होता. तेवढ्यात महावितरणचं आवाहन: कोळशाअभावी १३ वीजनिर्मिती संच बंद, ३,३३० मेगावॅटची तूट, सकाळ-संध्याकाळ सहा ते दहा वीज जपून वापरा. बंद संचांत आपल्या नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्राचाही २१० मेगावॅटचा एक. केंद्रीय ऊर्जामंत्री मात्र आदल्याच दिवशी म्हणाले होते, उगाच घबराट पसरवली जातेय!

आमचे इलेक्ट्रिशियन काका एकलहऱ्यात साइडिंगजवळ, म्हणजे कोळशाच्या मालगाड्या (रेक) येतात त्या रुळांजवळ राहतात. "ऑगस्टपासून सांगतोय, रेक कमी झालेत," ते म्हणाले. हे फक्त काकांनाच माहीत होतं असंही नाही. केंद्रीय वीज प्राधिकरण रोज कोळसासाठ्याचा तक्ता काढतं. ऑगस्टच्या सुरुवातीला देशात सरासरी १३ दिवसांचा साठा होता, सप्टेंबरअखेर चार दिवसांचा. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, लॉकडाउन उठल्यावर कारखान्यांना वीज लागते, यात ज्योतिषाचं काय काम? परदेशी कोळसा महागला म्हणून किनाऱ्यावरच्या केंद्रांनीही हात वर केले. पावसाआधी साठा करायचा तर पैसा हवा, आणि वीज कंपन्यांकडे कोल इंडियाचीच थकबाकी. शेवटी महावितरणने बाजारातून १३ रुपये ६० पैशांनी युनिट घेतलं.

मालकांनी विचारलं, "अहो, डिझेल किती आहे?" आमच्या डीजीवर (डिझेल जनरेटरवर) पंप आणि दिवे चालतात, भट्टी नाही. म्हणून चार्ज रात्री दहाला टाकायचं ठरवलं. (तेव्हा रात्री युनिटमागे दीड रुपया सुटायचा, त्यामुळे मालकही लगेच तयार झाले.) चार्जचे सकाळी सहानंतरचे दोन तास आवाहनात येत होते, पण लालभडक माल बाहेर कसा काढणार?

पहाटे विजेने एक झपका दिलाच. कॉन्टॅक्टर (भट्टीची वीज जोडणारा स्विच) पडला, कंट्रोलरवरचा तापमानाचा आकडा घसरू लागला. काकांनी धावत जाऊन कॉन्टॅक्टर परत ओढला. घट फार नव्हती, तरी होल्डिंगची वेळ वाढवली. हार्डनेस पास झाली.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कोळसा कमी पडला आणि राज्यात भारनियमन आलं. तोवर मालकांनी रोज सकाळी गेटवरच विचारायचा नेम केला होता, "काका, आज रेक आला का?"